हौशी आणि प्रायोगिक

विमानात चढताना दाराशी पाटी वाचायची मला सवय नाही. एरवी तिथे हात जोडलेली मुलगी उभी असते आणि मागून कुणाची तरी बॅग ढोपराला लागत असते. ह्या विमानाला मुलगी नव्हती आणि माझ्या मागे रांगही नव्हती. त्यामुळे पाटी वाचली. दोन इंच उंचीची ठळक अक्षरं होती : ‘एक्सपेरिमेंटल’. म्हणजे प्रायोगिक. आत वाकून पाहिलं तर काट्यांच्या घड्याळांशेजारी आणखी एक पाटी. तिचा मतलब असा, की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांसाठी सरकारने घालून दिलेल्या सुरक्षेच्या नियमांत ते बसत नाही.

हौशी आणि प्रायोगिक! परक्या मुलखात अचानक आपल्या आळीतलं कुणी भेटावं तसं मला झालं. आमच्या बँकेच्या नाट्यमंडळात मी बावीस वर्षं प्रॉम्प्टर होतो. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात मी प्रायोगिक नाटकं पाहिली आहेत. हौशी नाटकात नट खूश असतात. प्रायोगिक नाटकात प्रेक्षकाने खूश दिसायचं नसतं. दोन्हीकडे प्रेक्षक स्वतःच्या जबाबदारीवर बसतो. फरक एवढाच, की छबिलदासमध्ये नाटक पडलं तरी आपण जमिनीवरच असायचो.

मी त्या दाराशी पोचलो कसा, ते सांगतो.

माझी मुलगी फ्लॉरिडात ऑर्लँडोला असते. आम्ही दोघं कांदिवलीहून दर दोन वर्षांनी तिच्याकडे जातो आणि सहा महिने तिच्या फ्रीजमधल्या डब्यांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवतो. जावई सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर तो हात लावता येणार नाही अशा वस्तू बनवतो, म्हणून संध्याकाळी त्याला हात लावता येईल असं काहीतरी बनवावंसं वाटतं. एका वर्षी पुस्तकांचं कपाट झालं. पुढच्या वर्षी होडी झाली. दोन्ही वस्तू घरात आहेत, आणि होडीतही आता पुस्तकंच असतात. ह्या वेळी आम्ही गेलो तर ह्याच्या डोक्यात विमान. तेही साधं नाही. जमिनीवरूनही उडणारं आणि पाण्यावरही उतरणारं, उभयचर. सुटे भाग खोक्यांतून येतात, आपण ते जोडायचे.

“बाबा, तुम्ही जा आणि बघून या,” मुलगी म्हणाली. “तुम्ही चौतीस वर्षं कर्ज विभागात काढलीत. समोरच्याचा चेहरा पडू न देता नाही म्हणणं तुम्हाला जमतं. हा बसला तर हो म्हणतच उतरेल. आणि मी बसायच्या आधीच नाही म्हणेन, म्हणजे भांडण होईल.”

“अहो, तुम्हाला पोहता येतं का?” बायकोने विचारलं.

“विमानात बसायला पोहणं कशाला लागतं?”

“पाण्यात उतरतं म्हणतायत ना ते?”

पोहण्याच्या बाबतीत माझी मजल शाळेच्या सहलीत अलिबागच्या समुद्रात कमरेपर्यंत गेली होती. पण जावयासमोर हे बोलणं बरं दिसेना. मी म्हटलं, “बघू.” कर्ज विभागात ह्या शब्दावर माणसं आठ-आठ महिने काढायची.

असं विमान बांधलेला एक माणूस त्यांच्याच वसाहतीत राहत होता. निवृत्त दंतवैद्य, वय बहात्तर. आयुष्यभर लोकांच्या दातांना भोकं पाडली आणि निवृत्तीनंतर ॲल्युमिनियमला. त्यांनी एक फेरी मारून आणायचं कबूल केलं होतं. पैशाचा प्रश्नच नव्हता. असल्या घरबांधणीच्या विमानात भाडं घेऊन माणसं न्यायला तिथे परवानगी नाही. फुकट मिळणाऱ्या डेमोचा मला अनुभव आहे. एकदा पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा डेमो द्यायला एक मुलगा घरी आला होता. त्याने आमच्याच नळाचं पाणी काचेच्या पेल्यात धरून त्यात असं काही दाखवलं, की आम्ही दोन दिवस तहानलेलेच होतो. तिसऱ्या दिवशी यंत्र घेतलं. म्हणून मी घरातून निघतानाच खिशावर हात ठेवून निघालो.

सकाळी सहाला जावयाने गाडी काढली. तीन मैल गेल्यावर त्याने ती वळवली.

“काय झालं?”

“गॅरेजचं दार लावलं की नाही, आठवत नाहीये.”

परत आलो. दार बंद होतं. मुलगी खिडकीत उभीच होती, कपाळाला हात लावून. “बाबा, हे दर वेळचं आहे,” ती ओरडली. “आणि दर वेळी ते बंदच असतं!”

ऑर्लँडोच्या वायव्येला टव्हेरिस नावाचं गाव आहे. त्या जिल्ह्याचं नावच लेक, कारण तिथे हजारावर तळी आहेत. आपल्याकडे गावात शिरताना उमेदवाराचा फलक लागतो. टव्हेरिस स्वतःला ‘अमेरिकेचं सीप्लेन शहर’ म्हणवून घेतं. गावाच्या पायाशी लेक डोरा हे तळं आहे आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी तिथे धक्का बांधलेला आहे. जवळच एका गवताळ धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये डॉक्टरांचं विमान होतं.

ते पाहिल्यावर माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट मी जावयाला सांगितली नाही. ती अशी, की कुणीतरी होडी विकत घेतली, घरी आणल्यावर पस्तावा झाला आणि मग तिच्यावर पंख ठेवून दिले. खाली होडीसारखं फायबरग्लासचं पोट. वर पंख. पंखाच्याही वर, आपल्या डोक्यामागे, खांबावर बसवलेलं इंजिन आणि त्याला मागच्या अंगाला पंखा. होडीच्या दोन्ही कुशींना दोन चाकं, शेपटीखाली एक छोटं. आत दोनच खुर्च्या, शेजारी शेजारी. ह्या जातीचं नाव सीरे. माणसं आणि पेट्रोल धरून असल्या विमानाचं वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास ठेवावं लागतं. म्हणजे आपली जुनी मारुती ८०० रिकामी असताना जेवढी भरायची, तेवढ्यात ह्यांनी सगळं बसवायचं. म्हणूनच डॉक्टरांनी नमस्कार-चमत्कार झाल्याबरोबर माझं वजन विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझ्या पोटाकडे एकदा आणि हातातल्या चिवड्याच्या पिशवीकडे एकदा पाहिलं. चिवडा जावयाकडे राहिला.

पंखावर मी सहज टिचकी मारली तर टण्‌ऐवजी ढप्प आवाज आला. पंख कापडाचे होते! नळ्यांच्या सांगाड्यावर पॉलिएस्टरचं कापड ताणून बसवतात आणि ते आकसून घट्ट व्हावं म्हणून त्यावर गरम इस्त्री फिरवतात. इस्त्री घरातली चालते. डॉक्टरांच्या बायकोची त्यात गेली, तिची आठवण काढताना ते थोडे हळवे झाले. मला आमच्या नाटकाचे फ्लॅट आठवले. तेही कापडाचेच. नायिका रागारागाने दार आपटून निघून गेली, की मागची भिंत अंक संपेपर्यंत हलायची. मी हे डॉक्टरांना सांगितलं. “ही भिंत हलत नाही,” ते म्हणाले आणि पंखाच्या टोकाला धरून त्यांनी अख्खं विमान हलवून दाखवलं. पंख हलला नाही, हे खरं. विमान हललं.

मग त्यांनी फाइल आणली. फाइल पाहिल्यावर मी खुर्ची मागितली. चौतीस वर्षांची सवय.

अमेरिकेत असं विमान बांधायचं तर एक नियम आहे. त्याला बोलीभाषेत एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. कारखान्याने काय वाटेल ते करून पाठवावं, पण कामाचा मोठा हिस्सा बांधणाऱ्यानेच केलेला असला पाहिजे, आणि तोही केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी. ते सिद्ध करायला प्रत्येक टप्प्याची नोंद आणि फोटो ठेवायचे. विमान पुरं झालं, की तपासनीस येतो. त्यानंतर साधारण चाळीस तास ते नुसतं चाचणीसाठी उडवायचं, शेजारी प्रवासी बसवायचा नाही. पुढे दर वर्षीची तपासणी करायचं प्रमाणपत्रही बांधणाऱ्याला मिळू शकतं. म्हणजे पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच! आमच्या बँकेत असं कुठे आढळलं असतं तर मी त्या शाखेचं ऑडिट लावलं असतं.

पण फाइलमध्ये एक गोष्ट मला नवी होती. पान उलटताना डॉक्टर मधेच एका फोटोवर बोट ठेवायचे. “इथे मी भोक चुकीच्या जागी पाडलं. तो भाग फेकला, नवा मागवला.” पुढे, “ही नळी उलटी बसवली होती. तीन आठवडे लक्षात आलं नाही. हा फोटो उलटा असतानाचा, हा सुलटा केल्यावरचा.” चौतीस वर्षांत माझ्यासमोर हजारो फायली आल्या असतील. आपली चूक फोटो काढून फाइलला लावणारा अर्जदार मी तोवर पाहिला नव्हता.

घरात विमान बांधणं ही खास अमेरिकन खोड आहे, असं समजून मी गेलो होतो असं मात्र नाही. आमच्याच कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते २०१६ साली ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडलं गेलं आणि २०१७ साली त्याची रीतसर नोंदणी झाली. ही बातमी आली तेव्हा मला त्या विमानापेक्षा त्या सोसायटीच्या सेक्रेटरीचं कौतुक वाटलं होतं. आमच्या गच्चीवर कुरडया वाळत घालायला अर्ज करावा लागतो. विमानाशी आपला संबंध जुनाच. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं, अशी कथा आपण सांगत आलो आहोत. पुरावा तेवढा कुणाच्या हाती लागलेला नाही. २०१७ च्या डिसेंबरात गिरगाव चौपाटीलगत सीप्लेनची चाचणी झाली, तिला मात्र पुरावा भरपूर आहे. त्या दिवशी मीही बघायला निघालो होतो; भेळेच्या गाडीपर्यंत पोचलो.

ह्या धंद्याचा मूळपुरुषच मुळी हौशी. २८ मार्च १९१० ला फ्रान्समध्ये मार्सेयजवळच्या सरोवरावरून आंरी फाब्र ह्या माणसाने पाण्यावरून उठणारं पहिलं विमान उडवलं. त्याआधी त्याने कुठलंच विमान उडवलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ग्लेन कर्टिसने त्या कल्पनेला चाकं लावली आणि उभयचर जन्माला आलं. जावयाने हे मला गाडीत सांगितलं तेव्हा मी विचारलं, “त्या फाब्रचं पुढे काय झालं?” माझा प्रश्न कर्जदाराबद्दल असतो तसाच होता. फाब्र १९८४ साली वारला, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी. मी गप्प बसलो. इतकी चांगली परतफेड मी पाहिली नव्हती.

उडण्याआधीची तपासणी सुरू झाली. होडीच्या पोटाला खाली बुचं होती. ती उघडून डॉक्टरांनी आत साचलेलं पाणी सोडलं. मग बुचं पुन्हा बसवली, आणि बसवलेली बुचं पुन्हा चाचपली. नंतर ते इंजिनाकडे वळले. इंजिन ऑस्ट्रियात बनलेलं, शंभर घोड्यांचं, आणि पंपावरच्या मोटारीच्या पेट्रोलवर चालणारं. तेल किती आहे ते पाहण्यासाठी त्यांनी झाकण उघडलं, पण पट्टी घालण्याऐवजी ते पंख्याचं पातं हाताने सावकाश फिरवू लागले. एकदा, दोनदा, दहादा. मधे थांबून टाकीकडे कान द्यायचे. मला वाटलं, आता हे ‘सुटलं नाही बुवा’ म्हणतात आणि आपण घरी जाऊन नाश्ता करतो. तेवढ्यात टाकीतून खोल, समाधानी असा आवाज आला. गुड्‌गुड्‌गुड्‌.

“ढेकर दिली,” डॉक्टर म्हणाले.

खरोखर, ते लोक ह्याला ढेकरच म्हणतात. बंद इंजिनाच्या पोटात तेल उतरून बसलेलं असतं. पातं फिरवून ते टाकीत परत ढकललं, की शेवटी हवा येते आणि ढेकर निघते. तेव्हाच पट्टीवर तेलाचं खरं माप कळतं. आमच्या घरात नातवाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत त्या आवाजाची वाट पाहण्यात मी रात्री घालवल्या आहेत. त्या क्षणापासून ते इंजिन मला परकं वाटलं नाही.

मग माझी तयारी. कमरेला फुगणाऱ्या जाकिटाचा पट्टा. टोपी काढून ठेवा. ती खिडकीतून उडाली तर सरळ मागच्या पंख्यात जाते. चष्म्याला दोरी. आणि विमान पाण्यात उलटं झालं तर काय करायचं, ह्याचं शिक्षण : आधी एका हाताने दाराची चौकट पकडायची आणि मगच पट्टा सोडायचा. पट्टा आधी सोडला तर उलट्या माणसाला दार कुठे आहे ते सापडत नाही. “पण ते उलटं होईल कशाला?” मी विचारलं.

“चाकं खाली असताना पाण्यावर उतरलो तर,” डॉक्टर म्हणाले. “चाकं पाण्यात अडकतात आणि विमान नाकावरून पालथं होतं. जमिनीवर चाकं खाली हवीत, पाण्यावर वर हवीत. एवढंच लक्षात ठेवायचं.”

एवढंच. आमच्या नाटकातल्या एका पोलीस इन्स्पेक्टरला एकच वाक्य होतं. “हात वर!” आंतरबँक स्पर्धेच्या अंतिम फेरीत तो पिस्तूल रोखून आला आणि नुसता उभा राहिला. मी विंगेतून दोनदा वाक्य दिलं. शेवटी खलनायकाला दया येऊन त्याने आपणहूनच हात वर केले. माणूस लांब स्वगतं विसरत नाही. तो एवढंच विसरतो.

“म्हणून प्रत्येक वेळी मी मोठ्याने बोलतो,” डॉक्टर म्हणाले. “माझ्या बाजूचं चाक मला खिडकीतून दिसतं. तुमच्या बाजूचं तुम्हाला दिसतं. मी विचारीन, तुम्ही बघून सांगायचं.”

म्हणजे सातासमुद्रापार, कापडी पंखाच्या शेजारी बसून, मला प्रॉम्प्टरचं काम मिळालं होतं. आणि ह्या वेळी विंग खरी होती.

इंजिन डोक्यामागे सुरू झालं, तेव्हा एखाद्या पिठाच्या गिरणीने आपल्याला कडेवर घेतल्यासारखं वाटलं. गवतावरून धडधडत निघालो. इंजिन इतकं उंचावर असल्यामुळे ह्या विमानाची एक उलटी रीत आहे : जोर दिला की नाक खाली जाऊ पाहतं, जोर काढला की वर येतं. आमच्याकडे एक विभागीय व्यवस्थापक ह्याच स्वभावाचे होते. डॉक्टरांना ती रीत माहीत असल्यामुळे त्यांचा हात आधीच तिकडे गेलेला असायचा. शेजारची झाडं खाली गेली. जावई चिवड्याची पिशवी हलवत होता. तोही खाली गेला.

डॉक्टरांनी चाकं वर घेतली. खिडकी उघडीच होती. वारा गालफडात शिरत होता आणि खाली तळी पसरली होती, कुणी पाट्यावर पाणी शिंपडावं तशी. मोठ्या विमानात आपण ढगांच्या वर बसून खाली काहीच बघत नाही आणि चिकन की व्हेज ह्याचं उत्तर देत राहतो. इथे खाली एका बाईचं वाळत घातलेलं धुणं मला मोजता येत होतं. अकरा कपडे.

लेक डोरा आरशासारखं पडलं होतं. एक तरंग नाही. काठचं झाड न् झाड पाण्यात उलटं दिसत होतं. मी म्हटलं, “वा!” डॉक्टरांचा चेहरा मात्र लांबला. आरशासारखं पाणी वैमानिकाला नको असतं. पृष्ठभाग कुठे आहे हेच डोळ्यांना कळत नाही. दहा फुटांवर आहोत की पन्नास, ह्याचा अंदाज येत नाही. म्हणून ते काठाजवळ सरकले, झाडांकडे नजर ठेवली आणि अगदी सावकाश, एका ठरावीक गतीने विमान उतरवत राहिले, पाणी येईल तेव्हा येईल अशा बेताने. मला हे लगेच पटलं. नाट्यगृह तुडुंब भरलेलं असावं आणि खालून काहीच आवाज येऊ नये, ह्यासारखी भीती नाही. नटाला एक तरी खोकला लागतो.

“हे पाण्यावरचं उतरणं आहे,” डॉक्टर मोठ्याने म्हणाले. “माझं चाक वर आहे. तुमचं?”

मी खिडकीतून वाकून पाहिलं. चाक वर होतं. चौतीस वर्षांत अनेकांनी माझी सही मागितली होती. माझं मत इतक्या आतुरतेने कुणी मागितलं नव्हतं. घशाशी आलेलं इंग्रजी कुठेतरी अडकलं आणि मी ओरडलो, “वर!”

“वॉर?” डॉक्टर दचकले.

“अप! अप! मराठीत वर!”

“वर,” ते म्हणाले. त्यांना शब्द आवडलेला दिसला. आणि खालून कुणीतरी पोटावर पाट्या आपटाव्यात तसा फट्‌फट्‌फट्‌ आवाज झाला, दोन्ही बाजूंनी पाण्याच्या भिंती उठल्या आणि विमानाची होडी झाली.

पाण्यावर ह्या वाहनाला ब्रेक नसतो, हे तेव्हा कळलं. इंजिन चालू आहे तोवर ते कुठेतरी जातच असतं. डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. शांत झालं. काठाशी एक ओंडका तरंगत होता. ओंडक्याने डोळे मिटले आणि उघडले. “ती इथेच राहते,” डॉक्टर म्हणाले, “कुणाला त्रास देत नाही.” फ्लॉरिडात तळं म्हटलं की मगर आलीच. आपण वडाखालच्या म्हसोबाबद्दल बोलतो त्याच सुरात ते बोलत होते. मी चौकटीवर हात ठेवून पाहिला. सापडली.

पुन्हा उडताना गंमत आहे. होडीच्या पोटाला मधोमध एक खाच असते, तिला पायरी म्हणतात. विमान सुरुवातीला पाण्यात रुतून नांगरासारखं चालतं. वेग वाढला की ते वर चढून त्या पायरीवर येतं. पायरीमागे हवा शिरते आणि पाण्याची पकड सुटते. पायरी नसेल तर पाणी पोटाला धरून ठेवतं आणि कितीही जोर केला तरी सुटका होणं अवघड. आपली पायरी ओळखल्याशिवाय वर जाता येत नाही, हे मला बँकेत तीन साहेबांनी सांगितलं होतं. त्यातलं विज्ञान मात्र लेक डोरावर समजलं.

आम्ही तीनदा उतरलो आणि तीनदा उडालो. दर वेळी डॉक्टर म्हणायचे, “वर?” आणि मी म्हणायचो, “वर!” तिसऱ्या वेळेपर्यंत माझा आवाज असा लागला होता, की शेवटच्या रांगेपर्यंत गेला असता.

मग परत निघालो. गवताची पट्टी समोर दिसू लागली. काठावर जावई ठिपक्याएवढा उभा. मला आता भूकही लागली होती आणि घरी गेल्यावर हे कसं सांगायचं त्याची जुळवाजुळव मनात चालू होती. डॉक्टरांनी दांडा ओढला, मोठ्याने काहीतरी म्हणाले आणि माझ्याकडे वळून विचारलं, “तुमचं?”

“वर!” मी खणखणीत सांगितलं.

इंजिन एकदम गरजलं. पट्टी नाकाखालून निघून गेली, जावई निघून गेला, शेड निघून गेली आणि आम्ही पुन्हा आकाशात. कुणी काही बोललं नाही. मी हळूच खिडकीतून पाहिलं. चाक खाली होतं. अगदी व्यवस्थित खाली, जिथे असायला हवं तिथे.

“चाक खाली आहे,” मी म्हटलं.

“मलाही तसंच वाटलं होतं,” डॉक्टर म्हणाले. “मगाशी तुम्ही बघून सांगितलंत, की पाठ म्हटलंत?”

प्रॉम्प्टरला ह्याहून मोठी शिवी नाही. पहिल्या तालमीत दिग्दर्शक आम्हाला एकच गोष्ट शिकवायचे : वहीत बघून वाक्य देऊ नकोस, नटाकडे बघून दे. बावीस वर्षं मी ते पाळलं आणि नेमका सातशे फुटांवर विसरलो.

“तुमच्या बाजूचं तर तुम्हाला दिसत होतं. दांडाही तुम्हीच ओढला होता. मग उतरला का नाहीत?”

“आपल्या दोघांची उत्तरं जुळली नाहीत,” ते म्हणाले. “जुळली नाहीत, की मी फेरी मारतो. पेट्रोल थोडंसं जातं.”

नवखा प्रवासी, हौशी प्रॉम्प्टर, तोंडातून गेलेला एक चुकीचा परदेशी शब्द. त्यावर त्या माणसाने हातातोंडाशी आलेली जमीन सोडून दिली. दुसऱ्या फेरीला मी आधी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग सांगितलं, “खाली.” हा शब्दही त्यांनी पाठ केला. चाकं गवताला लागली तेव्हा मी काही बोललो नाही. पडदा पडल्यावर प्रॉम्प्टर बोलत नाही.

घरी येईपर्यंत जावयाने मला एकही प्रश्न विचारला नाही. अर्जदार असेच असतात. साहेबाने पेन उचललं की श्वास रोखून बसतात. मुलीने मात्र दारातच विचारलं, “काय बाबा, नाही म्हणालात ना?”

मी म्हटलं, “विमानाला माझी हरकत नाही. कापडी आहे, ढेकर देतं, पायरी ओळखून आहे. त्यात कळण्यासारखं सगळं त्यांनी उघड लिहून ठेवलंय, दारावरसुद्धा. प्रश्न बांधणाऱ्याचा असतो. एक्कावन्न टक्के म्हणजे तोच.”

“तेच तर म्हणतेय मी! हा माणूस गॅरेजचं दार...” ती बोलता बोलता थांबली. जावई खाली बघत होता.

बँकेत फाइलच्या शेवटच्या पानावर शेरा लिहायची जागा असते. शेरा दोन ओळींत बसला पाहिजे, असा माझा दंडक होता. तो इथे देतो, तुमच्याही जावयाच्या उपयोगी पडेल :

‘अर्जदार बंद असलेलं दार बंद आहे का, हे बघायला तीन मैलांवरून परत येतो. अशा माणसाला विमान बांधू द्यावं. मंजूर.’